‘जीपीएसने फसवलं’ म्हणजे नक्की कोणी फसवलं?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सहामाही प्रगती अहवाल, त्याचं प्रेझेंटेशन आणि मग कमिटीने सुचवलेल्या दुरुस्त्या यांत दोन महिने कसे गेले कळलंच नाही. आजच्या पोस्टला कारण आहे माझा मामा.

माझं संशोधन काय आहे हे मामाला मी आजवर चार वेळा समजावलंय. तरीही मॅपमुळे कुणाची गाडी पाण्यात गेल्याची बातमी आली की तो पेपरच्या कात्रणाचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, ‘तुमचं जीपीएस बघ काय करतंय.’ मी दर वेळी ‘मामा, जीपीएस नाही रे ते’ असं लिहायला घेते आणि अर्ध्यात सोडून देते, कारण पुढचं उत्तर व्हॉट्सॅपवर मावत नाही. तर ते इथे लिहिते.

जानेवारी २०२१ मधली अकोले तालुक्यातली घटना तुम्हाला आठवत असेल. पुण्याहून कळसूबाईला निघालेले तिघे जण रात्री मॅप लावून जात होते. रस्ता पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेलेल्या पुलावर जाऊन संपला. दोघे पोहत बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. तो पूल वर्षातले आठ महिने वापरात असतो आणि चार महिने पाण्याखाली, असं पोलिसांनी सांगितल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. ‘आठ महिने रस्ता, चार महिने पाणी’ हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. माझ्या प्रबंधाचा विषय जवळपास तोच आहे.

पण आधी जीपीएसची बाजू मांडते, कारण बिचाऱ्याला वकील कोणी नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि प्रत्येक जण सतत दोनच गोष्टी सांगत असतो: मी कुठे आहे आणि माझ्या घड्याळात किती वाजलेत. बस. आकाशवाणीसारखं एकतर्फी प्रसारण आहे ते. तुम्ही ऐकताय की नाही, कुठे निघालात, यातलं उपग्रहाला काहीही माहीत नसतं. तुमचा फोन किमान चार उपग्रह ऐकतो आणि संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतरं काढतो. जागेचे आकडे तीनच, मग चौथा उपग्रह कशाला? तर फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि प्रकाशाच्या वेगाला एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. चौथा उपग्रह ती घड्याळाची चूक पकडायला लागतो. एवढं सगळं करून मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोन साधारण ४.९ मीटरच्या आत तुमची जागा सांगतो, असं अमेरिकी सरकारचं जीपीएसबद्दलचं अधिकृत संकेतस्थळ म्हणतं. अकोल्यात त्या रात्री जीपीएसने गाडीची जागा बहुतेक बरोबरच सांगितली असणार. गाडी पुलावर होती. पूल पाण्यात होता.

म्हणजे जीपीएस चुकतच नाही असं नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवर मॅप उघडून चालून बघा. निळा ठिपका मधेच दुकानात शिरतो, मधेच मागच्या गल्लीत उडी मारतो. दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आपटून संदेश फोनपर्यंत येतो, त्याला वेळ जास्त लागतो आणि फोनला वाटतं उपग्रह लांब आहे. गुंतागुंत वाढते ती उंचीत. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे उंचीतली चूक ही आडव्या चुकीच्या दीडपट-दुप्पट तरी असतेच. आपले उड्डाणपूल खालच्या रस्त्यापासून किती वर असतात? सहा-आठ मीटर. म्हणजे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे फोनला उपग्रहांवरून खात्रीने सांगता येत नाही. चांदणी चौकात ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलांचं उद्घाटन झाल्यानंतर किती जण कोथरूडला निघून भलतीकडेच पोहोचले, ते त्या भागात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

बेलापूरची जुलै २०२५ ची घटना याच जातीची. उलव्याकडे निघालेल्या एका बाईंना रात्री खाडीपुलावरून जायचं होतं. त्या पुलाखालच्या रस्त्याने जेट्टीकडे गेल्या आणि गाडी खाडीत गेली. सागरी सुरक्षा पोलिसांनी त्यांना वाचवलं. कागदावर वरचा आणि खालचा रस्ता म्हणजे एकाला एक लागून दोन रेघा. माणसाला चढ दिसतो, रेघेला चढ नसतो. गुगलने जुलै २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांत उड्डाणपूल आधी सांगण्याची सोय आणली होती, तेव्हा दुखणं त्यांना माहीत नव्हतं असं कोणी म्हणू शकत नाही.

आता तुम्हाला ज्याच्याबद्दल कधीच सांगितलं जात नाही असा एक भाग. स्क्रीनवर तुमचा बाण रस्त्याच्या बरोबर मधून चालतो, हो ना? जीपीएसमध्ये पाच मीटरची चूक असताना तो इतका सरळ कसा? कारण तो बाण म्हणजे जीपीएसने सांगितलेली जागा नसते. मधे एक पायरी असते, मॅप मॅचिंग. न्यूसन आणि क्रुम यांचा २००९ चा पेपर या विषयात आम्हा सगळ्यांना वाचावाच लागतो. त्यांची कल्पना सोपी करून सांगते. तुम्ही खरे कुठल्या रस्त्यावर आहात हे लपलेलं आहे असं धरायचं. जीपीएसचा ठिपका ज्या रस्त्याच्या जवळ, तो रस्ता असण्याची शक्यता जास्त. पण एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला त्या रस्त्याने फार मोठा वळसा पडत असेल तर शक्यता कमी. असं सगळ्या ठिपक्यांसाठी मांडून सर्वांत पटण्यासारखा मार्ग निवडायचा. फार देखणी पद्धत आहे, आणि मी स्वतः रोज वापरते.

पण यात एक गृहीतक आहे. तुम्ही कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर असणारच, आणि तो रस्ता नकाशात असणारच. शंकेचा आकडा गणितात असतो, स्क्रीनवर येत नाही. नवख्या रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर ‘बहुतेक इकडून’ हे दिसतं तरी. बाणाच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. माझी पहिली तक्रार इथे आहे, आणि ती चुकीबद्दल नाहीये. चूक झाकून दाखवण्याबद्दल आहे.

मग नकाशातल्या त्या रेघा येतात कुठून? काही सरकारी नकाशांवरून, काही वापरणाऱ्यांच्या फोनच्या हालचालींवरून, काही स्वयंसेवकांकडून आणि पुष्कळशा वरून घेतलेल्या छायाचित्रांवरून. या शेवटच्या प्रकाराशी माझी तीन वर्षं मारामारी चालू आहे. छायाचित्रात ढग असले तर खालचं दिसत नाही. म्हणून आपण बिनढगांची चित्रं निवडतो. आमच्याकडे बिनढगांची चित्रं कधीची मिळतात? दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतची. म्हणजे आपल्या नकाशात जो महाराष्ट्र दिसतो तो बराचसा कोरडा महाराष्ट्र आहे. जून ते सप्टेंबरचा महाराष्ट्र त्यात येतच नाही. ओढ्यातून जाणारी चाकोरी मार्चच्या चित्रात लख्ख पांढरी रेघ दिसते. पाणंद रस्ता तर डांबरी रस्त्यापेक्षाही उठून दिसतो, कारण वाळलेली माती चमकते. ऑफिसात बसून रेघ ओढणाऱ्याला ती बैलगाडीची वाट आहे, तिच्यात काळी माती आहे आणि एका पावसात तिथे ट्रॅक्टरसुद्धा रुततो, हे कसं कळणार? तो रेघ ओढतो. यंत्राला ती रेघ म्हणजे रस्ता.

रस्ता झाला की त्याला वेग चिकटतो. ओएसआरएम नावाचं एक खुलं मार्गशोधक इंजिन आहे. त्याच्या मोटारीसाठीच्या मूळ मांडणीत सेकंडरी वर्गाच्या रस्त्याला ताशी ५५ किलोमीटर, त्याखालच्या टर्शरीला ४०, आणि त्याहूनही लहान रस्त्याला २५ असे वेग धरलेले आहेत. हे वेग कुठे कमी, कुठे जास्त करायची सोय आहे, पण त्यासाठी कुणीतरी खरी माहिती भरायला हवी. गावाकडच्या रस्त्यांना ती कोण भरणार? मोठ्या कंपन्यांकडे फोनच्या हालचालींवरून खरे वेग येतात, हे मान्य. पण २०२० मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने बर्लिनमध्ये हातगाडीत ९९ फोन घालून ती रस्त्यावरून ओढली आणि मॅपवर रिकाम्या रस्त्यात वाहतूक कोंडी झाली. लोक हसले. मला त्यात उलटी बाजू दिसते. गर्दी म्हणजे मॅपला फोन. मग जिथे दिवसाला चार गाड्या जातात आणि रेंज दोन टेकड्यांपलीकडे, तिथे मॅपला काहीच ऐकू येत नाही. त्याला तो रस्ता बंद आहे की नुसता शांत आहे, यातला फरक कसा कळावा?

इथवर ‘बाहेरच्यांचं’ झालं. आता आमच्या लोकांबद्दल.

या विषयावर सर्वांत जास्त संदर्भ दिला जाणारा पेपर म्हणजे २०१७ चा, लिन, क्यूल, शोनिंग आणि हेक्ट यांचा, ‘डेथ बाय जीपीएस’ समजून घेण्याबद्दलचा. हा शब्दप्रयोग अमेरिकेतल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजर लोकांचा. मॅप लावून वाळवंटात आलेली माणसं नसलेल्या किंवा सोडून दिलेल्या वाटांवर अडकायची, त्यावरून तो आला. लेखकांनी बातम्यांमधून १५८ घटना गोळा केल्या आणि प्रत्येक घटनेत नक्की काय चुकलं याचं वर्गीकरण केलं. रस्त्याच्या गुणधर्मांची माहितीच नकाशात नसणं, म्हणजे पृष्ठभाग कसला आहे, उंच वाहन जाईल का वगैरे, हे त्यांना ठळकपणे सापडलं. मला हा पेपर मनापासून आवडतो. ‘ड्रायव्हर मूर्ख होता’ यावर न थांबता त्यांनी खाली खणलं. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी गाईडना रात्री अकरा वाजता मेल केला होता. (सरांनी सकाळी उत्तर दिलं: झोपत जा.)

आता दोन वर्षांनी तोच पेपर वाचताना मला त्याचा पाया अपुरा वाटतो. सगळ्या घटना बातम्यांतल्या, त्याही इंग्रजी. बातमी कशाची होते? गाडी पाण्यात गेली, ट्रक पुलाखाली अडकला, कुणी मेलं. बातमी न होणाऱ्या गोष्टी अशा पद्धतीच्या जाळ्यात सापडूच शकत नाहीत. एक सांगते. मी ज्या तालुक्यात काम करते तिथे एकाच गावाच्या हद्दीला लागून दोन माळवाड्या आहेत. तिथल्या आशाताईंनी मला सांगितलं, एका रात्री एका मुलीला साप चावला. तिचा काका शहरातून स्वतःची गाडी घेऊन निघाला होता, तो तिला दवाखान्यात नेणार होता. फोनमधल्या नकाशाने त्याला दुसऱ्या माळवाडीला नेलं. तिथून ओढ्यापलीकडे पहिलीचे दिवे दिसत होते म्हणे, पण गाडीला उलटं फिरून यावं लागलं. मुलगी वाचली. म्हणून ती बातमी झाली नाही, आणि म्हणून ती कुठल्याही संशोधनात नाही. १५८ मध्ये १५९ वी म्हणून तिला जागा नाही.

आणि माळवाडी हे नाव टाइप करून बघा. मराठीतून रोमनमध्ये गेलं की ‘ळ’ चा ‘ल’ होतो, रोमनमधून परत देवनागरीत आलं की मालवाडी. नळ स्टॉपचा नल स्टॉप ऐकून पुणेकर हसतात आणि पुढे जातात, कारण त्यांना नळ स्टॉप माहीत असतो. पण जिथे नावावरूनच जागा शोधायची आहे तिथे ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’ यांचा गोंधळ म्हणजे वेगळं गाव. एकट्या पुण्याच्या आसपास वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव मावळ आहेत. बोलताना आपण नुसतं वडगाव म्हणतो, आणि ऐकणारा कुठून आलाय त्यावरून त्याला कळतं.

पुढची टीका माझ्यावरच आहे. आमच्या क्षेत्रात नकाशाचा दर्जा मोजायची ठरलेली रीत म्हणजे जागेतली चूक मीटरमध्ये काढायची. मॉर्डेकाय हकले यांचा २०१० चा ओपनस्ट्रीटमॅपवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. स्वयंसेवकांनी काढलेला इंग्लंडचा नकाशा त्यांनी तिथल्या सरकारी नकाशाशी ताडून पाहिला आणि सरासरी फरक सुमारे ६ मीटर निघाला. फुकट काम करणाऱ्यांच्या नकाशात फक्त ६ मीटर! हा आकडा सगळ्यांनी उचलला. त्याच पेपरात हेही होतं की गरीब वस्त्यांची नोंद संपन्न वस्त्यांपेक्षा अपुरी आहे. ते कमी लोकांनी उचललं. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मीसुद्धा ६ मीटरवालं वाक्य टाकलं आणि ‘स्थानिक अचूकता तपासणे’ हे पहिलं उद्दिष्ट म्हणून लिहिलं. हातात चांगल्या प्रतीचा रिसीव्हर घेऊन पूल, मोऱ्या, फाटे यांच्या जागा मोजत फिरायचं, असा बेत.

मागच्या श्रावणात त्याच कामाला फिरत होतो. फोन म्हणत होता सरळ. रस्ता उतरून एका फरशी पुलाशी आला. पुलावरून पाणी वाहत होतं, फार नाही, घोट्याएवढं दिसत होतं. मी रिसीव्हर काढायच्या तयारीत. जीपवाले काका गाडी बंद करून खाली उतरले, नुसते उभे राहून बघत बसले. मी म्हटलं, काका, एवढ्यातून जाईल की जीप. ते म्हणाले, “ताई, पाणी गढूळ हाय. खाली फरशी हाय का न्हाई, कसं कळायचं?” आणि बारा किलोमीटरचा वळसा घालून गेले. मी आधीच्या वर्षी उन्हाळ्यात त्या पुलाची जागा मोजली होती. माझ्या तक्त्यात तो पूल मीटरभराच्या आत अचूक होता. हिरव्या रंगात.

हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग तुझ्या तक्त्यात काकांसाठी रकाना कुठला?” तो रकाना नव्हता. आता पहिलं उद्दिष्ट बदललंय, आणि कमिटीच्या दुरुस्त्या त्यावरूनच आल्या. एका परीक्षकांचं म्हणणं, हे मोजता कसं येणार? प्रश्न रास्त आहे. जागेची चूक मीटरमध्ये येते. ‘हा पूल कधीपासून कधीपर्यंत पूल असतो’ याचं एकक काय? मी सध्या दिवस धरतेय: नकाशा ज्याला रस्ता म्हणतो तो वर्षातले किती दिवस खरोखर रस्ता असतो. माहिती कुठून घ्यायची हेही हळूहळू कळतंय. एसटीचे चालक-वाहक, दूधगाडीवाले, शाळेतले मास्तर. कुठली फेरी कुठल्या तारखेपासून अलीकडच्याच फाट्यावरून परत फिरवली हे एसटीवाल्यांना पाठ असतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ‘इथे पूर येतो’ अशी नोंद करायची सोय आधीपासून आहे, ठरावीक काळापुरता रस्ता बंद अशीही नोंद करता येते. म्हणजे खाना आहे, भरलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, मग चूक सरकारचीच, पुलावर फलक नको का? हवाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. तो पूल आधीच्या पुरात तुटला होता आणि नकाशात तसाच होता. तिथे पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर मॅप कंपनीच्या अधिकाऱ्याचाही उल्लेख गुन्ह्यात केला. ती जबाबदारी कुणाची किती हे न्यायालय बघेल. मला त्यात दिसतं ते एवढंच की पूल तुटल्याचं ज्या खात्याला माहीत आहे, त्याच्याकडून नकाशापर्यंत ही माहिती जायची ठरलेली वाटच दिसत नाही. आपल्याकडे रस्ता बंदचा आदेश निघतो, तो कागदावर सही होऊन स्कॅन होतो, त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरतो. गावाला कळतं. बाहेरून येणाऱ्याला आणि यंत्राला कळत नाही. आणि मॅपवर विसंबतो कोण? बाहेरून येणाराच. अकोल्यातल्या त्या पुलावर तिथल्या माणसाला मॅप लागलाच नसता.

तर मामा, हे उत्तर. उपग्रह बरोबर होते. रेघ उन्हाळ्यातली होती, बाणाने शंका लपवली, कागद ग्रुपवर राहिला, आणि आम्ही संशोधक मीटर मोजत होतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा फिल्डवर जातेय, या वेळी रिसीव्हरबरोबर डेपोतल्या फेऱ्यांच्या नोंदीही घेणार आहे. तुमच्या गावाकडे एखादा फरशी पूल, साकव किंवा ओढ्यातली वाट असेल तर मला लिहा: गावाचं नाव ‘ळ’ असेल तर ‘ळ’ सकट, आणि पाणी साधारण कधी चढतं, कधी उतरतं. तारीख आठवत नसेल तर सण सांगितला तरी चालेल. नागपंचमी ते पितृपाट असं लिहून आलेलं मी दिवसांत बसवून घेईन.